पालापाचोळा आणि परवानगी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या वक्त्या बोलावण्याची आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आणि विषय माझ्यावर सोपवला. मी म्हटले, "अंगणातला पाला जाळण्यावर बोलते." त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. "अहो, वर्धापनदिन आहे. काही संस्कार, काही स्त्रीशिक्षण असं घ्या ना!" मी माझा हट्ट सोडला नाही. तेव्हा आज गोडधोड खाण्याच्या दिवशी मी केरकचऱ्याचे बोलणार आहे, ते गोड मानून घ्यावे.

ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की ह्या वणी गावात ज्यांनी वर्षानुवर्षे नेमाने पाला जाळला, त्यांत माझा नंबर बराच वर लागेल. माझ्या परसात दोन कडुनिंब आहेत, एक आंबा आहे आणि कुंपणाशी शेवगा. माघ संपत आला की कडुनिंब पाने टाकू लागतो, आणि फाल्गुनात तर सकाळी झाडलेले अंगण दुपारी पुन्हा पिवळे होते. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी खराटा हाती दिला आणि पाला कोठे पेटवायचा तो कुंपणाचा कोपराही दाखवला. तेव्हापासून पहाटे सडा, मग खराटा, मग आगकाडी. पाल्याच्या धुराने डास पळतात, राख वांग्याला चांगली, आणि ढीग साचू दिला तर विंचू निघतो, अशी तीन कारणे सासूबाई देत. मी ती पुढे सुनेला दिली. त्यात खोटे काही बोलतो आहोत असे आम्हां दोघींच्याही मनात कधी आले नाही.

आमच्या कुंपणाला लागूनच एका वहिनींचे घर. वयाने माझ्याहून मोठ्या. त्यांना दम्याचा त्रास. माझा पाला पेटला की त्यांची आमच्या बाजूची खिडकी बंद होई. रोज व्हायची. मला ती बंद होताना दिसायची आणि तरी दिसत नसे, कारण त्यांनी तोंडाने कधी एक शब्द काढला नाही. भाजी घेताना बोलायच्या, हळदीकुंकवाला यायच्या, माझ्या हातच्या सांडग्यांची तारीफ करायच्या. खिडकीचे मात्र कधी बोलल्या नाहीत.

मार्च २०१९. होळीला चार दिवस राहिले होते. मी नेहमीप्रमाणे पाला पेटवला आणि चहा टाकायला आत गेले. एवढ्यात वावटळ उठली. आपल्याकडे फाल्गुनात ती कशी उठते हे मी सांगायला नको. पेटती पाने उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली. वहिनींची शेती आहे. आंघोळीचे पाणी तापवायला म्हणून पऱ्हाटीची गंजी त्यांनी भिंतीशी रचून ठेवलेली. वाळलेली पऱ्हाटी म्हणजे काय, ती पेटायला किती वेळ लागणार? मी चहा गाळून बाहेर येते तो ज्वाळा त्यांच्या टिनाच्या छपराला भिडलेल्या. साऱ्या गल्लीने बादल्या आणल्या. कोणी पाण्याची मोटर लावली, कोणी ओली पोती टाकली. अर्ध्या तासात आग विझली. गंजी गेली, न्हाणीचे दार गेले, कुंपणाचा ताटवा गेला. माणसाला भाजले नाही, एवढे नशीब. पण त्या धुरात वहिनींना असा दमा उसळला की तीन दिवस दवाखान्यात राहावे लागले.

मी भेटायला गेले. त्यांचा मुलगा बाहेर बाकावर बसला होता. शिव्या देईल ह्या तयारीने मी गेले होते. त्याने शिव्या दिल्या नाहीत. त्याने फक्त विचारले, "काकू, परवानगी घेतली होती का जी तुम्ही?"

मी म्हटले, "अरे, आपल्याच अंगणातला पाला आपल्याच अंगणात जाळायला परवानगी कसली?"

तो पुढे काही बोलला नाही. तो रागावला असता तर मला ती रात्र बरी गेली असती.

घरी येऊन सुनेला म्हटले, "ह्याची परवानगी कोण देतं, ते शोधून काढ. पुढच्या वेळी रीतसर घेऊ." ती शाळेत शिकवते, तिला असल्या गोष्टी शोधायची सवय आहे. दोन दिवस तिने वाचले आणि मग मला समोर बसवून सांगितले, "आई, परवानगी नाहीच आहे. म्हणजे घ्यायची राहिली असं नाही, अशी परवानगी देणारा कोणी नाही."

भगिनींनो, हे मला जसे कळत गेले तसे सांगते. केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचऱ्याचे नियम काढले. कोणीही आपला कचरा रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरच्या सार्वजनिक जागेत, नालीत किंवा नदीतळ्यात टाकू नये, जाळू नये आणि पुरूही नये, असे त्यांत होते. 'आवाराबाहेर' हे शब्द ऐकले मात्र, मला मोठा आनंद झाला. मी म्हटले, "बघ, आवाराबाहेर म्हटलंय. माझा पाला तर आवाराच्या आत होता!" सुनेने डोळ्यांवरचा चष्मा काढला. तिने असे केले की समजावे आपण हरलो. त्याच नियमांत पुढे, बागेचा पालापाचोळा आपल्याच आवारात निराळा साठवावा आणि नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची वाट लावावी, असे होते. साठवावा, जाळावा नव्हे. आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निकाल दिला, त्यात आतबाहेर काही ठेवलेच नाही. उघड्या जमिनीवर कचरा जाळण्यास संपूर्ण बंदी, कचरा डेपोवरसुद्धा. साधे जाळणे असेल तर पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणे असेल तर पंचवीस हजार रुपये भरपाई. पाच हजार! माझ्या दोन कडुनिंबांनी जन्मभरात टाकलेल्या साऱ्या पानांची किंमत तेवढी होणार नाही.

आता २०१६ च्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली आहे. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले, आणि त्यांत घरच्या कचऱ्याचे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग करायला सांगितले आहे. जाळण्याची मोकळीक त्यांतही मिळालेली नाही. ह्याशिवाय १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या २८७ व्या कलमात आगीशी निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि २८० व्या कलमात हवा लोकांच्या आरोग्याला अपायकारक करणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंडसंहितेतही हे गुन्हे होतेच. म्हणजे २०१९ सालीही वहिनींनी मनात आणले असते, तर मला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली असती.

ज्या खटल्यातून हरित न्यायाधिकरणाचा हा निकाल आला, त्याचे नाव अलमित्रा पटेल विरुद्ध भारत सरकार. मी समजत होते, कोणी मोठे वकील असतील. त्या बंगळूरच्या एक बाई निघाल्या. शिकलेल्या इंजिनियर, पण खटला भरला तो वकील म्हणून नव्हे, कचऱ्याला कंटाळलेल्या एक नागरिक म्हणून. १९९६ साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून २००० साली शहरांच्या कचऱ्याचे पहिले नियम झाले. पुढे तो खटला हरित न्यायाधिकरणाकडे गेला आणि निकाल आला २०१६ साली. वीस वर्षे एक बाई कचऱ्याचा पिच्छा पुरवीत राहिली. संस्कार आणि स्त्रीशिक्षण ह्यांवर बोला म्हणणाऱ्या चिटणीसबाईंनी हे उदाहरण त्या खात्यात जमा करून घ्यावे.

परवानगीची गोष्ट जगात कोठे नाहीच असे मात्र नाही. माझी एक भाची अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. तिला फोनवर हे सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे मिळते परवानगी." ती कशी, तेही ऐका. १५ जानेवारी ते १ मे एवढ्याच काळात, सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत, घरापासून निदान पंचाहत्तर फूट दूर, आणि अग्निशमन खात्याचा परवाना घेऊन. वारा असला की त्या दिवशी परवाना नाही. बॉस्टनसारख्या मोठ्या शहरांत तर मुळीच नाही. आणि हे सगळे करून काय जाळायचे? झाडांच्या फांद्या. पाने आणि गवत जाळायला तिथेही मनाई! पंचाहत्तर फूट म्हणजे माझ्या परसातून मोजले तर वहिनींचे घर ओलांडून पलीकडच्या गल्लीत जावे लागेल.

आपल्या देशातही एके ठिकाणी ऋतू पाहून आगीची मोकळीक किंवा बंदी असते, ते म्हणजे जंगल. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलात विस्तव पेटवणे, बाळगणे, नेणे ह्यांना बंदी आहे. वनाधिकारी जाहीर करतील तो काळ तेवढा सोडून. आपल्या राज्यात वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा मोसम धरते. मारेगाव, झरी, पांढरकवड्याकडच्या ज्या भगिनी इथे आहेत, त्यांना ह्याचे कारण ठाऊक आहे. मोहफुले वेचताना झाडाखालचा पाला आड येतो, म्हणून तो जाळतात. मग फुले जमिनीवर लख्ख दिसतात, पण विस्तव मागे राहतो आणि दुपारच्या वाऱ्याने डोंगर पेटतो. झाडाखाली जाळी अंथरली तर फुले तिच्यावर पडतात आणि पाला पेटवावा लागत नाही, हे आता पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. मी सांगणारी कोण? ज्यांचे पोट मोहावर आहे त्यांना चार हातांची जाळी विकत घेणे किती जड जाते ते त्यांनाच माहीत. पण माझ्या पोटाचा तर काही प्रश्न नव्हता. मी सवयीने जाळत होते.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात जे आहे ते मीच बोलते, कारण माझ्याही मनात ते होते. वणीत राहून पाल्याच्या धुराचे काय घेऊन बसलात? चारी बाजूंना कोळशाच्या खाणी. रस्त्याने ट्रक गेला की वाळत घातलेल्या लुगड्यावर काळी पूड बसते. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. शेजारचे चंद्रपूर तर २०१९ साली केंद्राने हवा सुधारण्याच्या कार्यक्रमात ज्या शहरांची नावे घातली त्यांत आहे. एवढ्या साऱ्यात आमच्या टोपलीभर पाल्याने काय होणार?

ह्याचे उत्तर मला बराच काळ सापडत नव्हते, आणि अजूनही पुरते सापडले आहे असे नाही. कोळशाच्या धुळीचा प्रश्न मोठा आहे, तो मोठ्यांशी भांडून सोडवायचा आहे, आणि आपल्या मंडळाने तो भांडावा अशाच मताची मी आहे. पण ट्रक रस्त्यावरून जातो, आणि माझा पाला वहिनींच्या उशापासून आठ हातांवर जळत होता. धूर कोठून निघतो, किती खालून निघतो, ह्याला महत्त्व आहे. धुरातले जे बारीक कण डॉक्टर मोजतात ते अडीच मायक्रॉनचे आणि त्याहूनही लहान. आपल्या डोक्याचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. ते नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाला जातात. हवेच्या एका घनमीटरमध्ये दिवसाकाठी असे कण सरासरी साठ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असे आपल्या देशाचे २००९ चे मान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते पंधरा धरले. आणि आपण पाला कधी पेटवतो? भल्या पहाटे, हवा थंड आणि जड असते तेव्हा. धूर वर न जाता गल्लीत लोळत राहतो. त्यात दवाने पाला ओलसर. तो भडकत नाही, नुसता धुमसतो. धुमसणारा पाला जळणाऱ्या पाल्याहून वाईट, कारण त्यात विषारी वायू आणि बारीक कण दोन्ही जास्त. त्यातच केराबरोबर आलेली एखादी प्लास्टिकची पिशवी, औषधाचे पाकीट. मग विचारायलाच नको.

सासूबाईंच्या तीन कारणांचेही मी हिशेब केले. त्या आज नाहीत, पण असत्या तर भांडल्या असत्या आणि शेवटी मानल्या असत्या. डास धुराने तासाभरापुरते बाजूला होतात. ते जन्मतात कूलरच्या टाकीत आणि झाकण नसलेल्या रांजणात, पाल्यात नव्हे. पाला पेटवून मी कूलर तसाच भरलेला ठेवत होते. राखेचे म्हणाल, तर पाला जळताना त्यातले नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराबरोबर आकाशात जातात, हाती राहते ते मुख्यतः पालाश आणि चुना. आता आपली काळी जमीन. तिच्यात पालाश मुळातच भरपूर, आणि ती आधीच अल्कलीकडे झुकलेली. तिला उणे आहे ते नेमके नत्राचे आणि कर्बाचे. म्हणजे जमिनीला हवे ते मी हवेत उडवत होते, आणि जे नको ते तिच्या पदरात टाकत होते. विंचवाचे कारण मात्र खरे आहे. त्याचे पुढे सांगते.

मग पाल्याचे करायचे काय? ह्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात पुसद आहे. पुसद म्हटले की मला दोन गोष्टी आठवतात आणि दोन्ही गवताच्याच. एक, आपल्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे ह्यांनी जुलै १९३० मध्ये पुसदच्या जंगलात गवत कापून इंग्रजांचा कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. दुसरी, पुसदच्याच नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांनी काडीकचऱ्याचे खत करण्याची नवी रीत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात, आणि देशभर शेतकरी ह्याच नावाने ओळखतात.

नाडेपचे टाके जमिनीच्या वर बांधतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांचे, आणि भिंतींत हवा खेळायला भोके सोडलेली. जमिनीच्या वर, हे आपल्यासाठी फार मोलाचे. खड्डा खणला की आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि खताऐवजी चिखल सडतो. मी पहिल्या वर्षी खड्डाच केला होता, म्हणून अनुभवाने सांगते. श्रावणात त्याचा असा वास सुटला की गल्लीत मी दुसऱ्यांदा बदनाम झाले. टाक्यात सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाल्याचा सडा, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थरावर थर. पूर्ण टाक्याला चौदा-पंधराशे किलो काडीकचरा लागतो, पण शेण किती? अवघे नव्वद ते शंभर किलो. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांनी हे ध्यानात घ्यावे. वरून मातीने लिंपायचे, थर दबले की पुन्हा भरायचे, भेगा पडल्या की शेणाने बुजवायच्या, आणि ओल राखायची. तीन ते चार महिन्यांत खत तयार.

हे शेताचे माप झाले. माझ्या परसात एवढी जागा कोठली? मी तीन फूट लांबरुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे दोन चौकोन सांधे मोकळे सोडून रचले, सिमेंट लावलेच नाही. एक भरत असतो तेव्हा दुसरा पिकत असतो. पाला, त्यावर स्वयंपाकघरातली भाजीची देठे आणि साले, त्यावर दोन मुठी शेणकाला, त्यावर माती. कडुनिंब कडू, तो कुजेल का, असे मला सगळ्या विचारतात. माझा कुजला. आंब्याची पाने मात्र चिवट, ती आधी पायाखाली तुडवून घ्यावी लागतात. आणि सागाचे पान ज्यांच्या अंगणात पडते त्यांनी धीर धरावा. नुसता पाला ओला करून ठेवला तरी तो कुजतोच, फक्त वर्ष घेतो. शेण आणि भाजीचा कचरा त्याला घाई करतात.

विंचवाची गोष्ट राहिली. कोरडा, सैल ढीग दाराशी ठेवला तर विंचू येणारच. ढीग घरापासून दूर, ओला, मातीने लिंपलेला ठेवावा आणि हाताने न उकरता फावड्याने उकरावा. दोन वर्षांपूर्वी एकदा निघाला होता, खोटे का बोलू? फावड्याने बाजूला केला. जाळत होते तेव्हाही वर्षाला एकदोन निघायचेच.

पऱ्हाटीचे थोडे निराळे आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी शेती आहे, आणि पऱ्हाटी अंगणात येते ती सरपण म्हणून. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या भागात जे केले ते कोणी विसरणार नाही. ती अळी वाळक्या बोंडांत लपून राहते, म्हणून पऱ्हाटीच्या गंज्या घराशी आणि धुऱ्यावर रचून ठेवू नका असे कृषी खाते सांगते. गंजी नको म्हणून शेतातच काडी लावायची, हा सोपा मार्ग झाला. दुसरा मार्ग शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि तोही कापसाच्याच मुलखातला. १९२४ नंतर इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी आणि यशवंत वाड ह्या आपल्या मराठी माणसाने काडीकचऱ्याच्या खतावर काम केले. १९३१ साली दोघांच्या नावाने त्याचे पुस्तक निघाले. पऱ्हाटी आणि तुराट्या कुजत नाहीत, फार कठीण, म्हणून त्यांनी काय केले? शेताच्या रस्त्यावर अंथरल्या. बैलगाड्या त्यावरून जात-येत राहिल्या आणि काड्यांचा भुसा झाला! मग तो खताच्या ढिगात. आता बंड्या कमी झाल्या, पण ट्रॅक्टरला जोडून पऱ्हाटीचा भुगा करणारी यंत्रे निघाली आहेत. एकीला परवडत नाही. चार घरांनी मिळून भाड्याने आणली तर परवडेल असे मला वाटते. ज्यांची शेती आहे त्यांनी ह्यावर घरी बोलून पाहावे.

होळीबद्दल मला गेल्या आठवड्यात तिघींनी विचारले. होळीच्या नावाने पालापाचोळा खपवता येईल का, असा त्यातला खरा प्रश्न होता. होळी वर्षातून एक दिवस, चौकात एक, गोवऱ्यांची आणि थोड्या लाकडांची. तिच्यात टायर आणि प्लास्टिक टाकणारी पोरे पाहिली की मी ओरडते. पण फाल्गुनभर रोज पहाटे घरोघरी पेटणारा पाला, ही काही होळी नव्हे.

वहिनींचे सांगायचे राहिले. दवाखान्यातून आल्या, पण त्या चैत्रात माझ्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत. पऱ्हाटीचे आणि दाराचे पैसे मी त्यांच्या मुलाकडे दिले. त्याने दाराचे घेतले, पऱ्हाटीचे परत केले. कुंपण आम्ही दोन्ही घरांनी मिळून बांधले. वर्षभर बोलणे कुंपणावरूनच, जेवढ्यास तेवढे. मग विटांच्या चौकोनातले पहिले खत निघाले. काळेभोर, हाताला थंड, पावसाच्या मातीसारखा वास. मी घमेलेभर घेऊन त्यांच्या दारी गेले आणि म्हटले, "वहिनी, वांग्याच्या वाफ्याला आणलंय." त्यांनी घमेल्यात वाकून पाहिले, चिमूटभर उचलून नाकाशी नेले आणि विचारले, "राख नाही ना?"

मी नाही म्हटले. त्यांनी घमेले आत नेले. येताना त्यात वांग्याची चार रोपे घालून परत दिले. त्यांची ती खिडकी आता फाल्गुनात उघडी असते. माझे लक्ष तिच्याकडे रोज जाते.

शेवटी एक व्यवस्थेची गोष्ट सांगून खाली बसते. पुष्कळजणींच्या घरी अंगण आहे पण चौकोन रचायला जागा नाही, आणि काहींच्या दारात फक्त रस्त्याचे झाड आहे. त्यांनी फाल्गुनात पाला पोत्यांत भरून माझ्याकडे आणावा. माझ्याकडे दोन चौकोन आहेत, तिसरा बांधायला विटा आणून ठेवल्या आहेत. सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर यावे. पोत्यात प्लास्टिक, काच आणि औषधांची पाकिटे नकोत. पोते रिकामे करून परत न्यायचे आहे. खत निघेल तेव्हा ज्यांनी पाला दिला त्यांना त्यातला वाटा मिळेल. नावे लिहायला वही चिटणीसबाईंकडे ठेवली आहे, आणि पहिले नाव त्यांनी स्वतःचे लिहिले आहे.